पोचल्याचं आलेलं नाही

९ फेब्रुवारी

ठकू,

हे पाकीट तू न फोडता परत पाठवशील. पाठव. मी दुसरं लिहीन, तेही परत आलं तर तिसरं. तुझी आत्या उभं आयुष्य कारखान्यांच्या दारांत बोलत आली आहे. समोरचं दार बंद आहे एवढ्यावरून मी गप्प बसले, असं कुणाला आठवत नाही. तुझा बाप म्हणायचा, "हिच्या हातात माइक दिला तर आधी माइक दमतो."

बाप बरा आहे. खातो, पितो, बागेत फिरतो. काळजीचं काही नाही. गेल्या वर्षापासून मी त्याच्याकडेच राहते, ते फक्त माझ्या घराचे जिने मला झेपत नाहीत म्हणून.

लिहिते आहे ते चिमट्यांविषयी. कपडे वाळत घालायचे साधे लाकडी चिमटे. दिवेलागण झाली की दादा गॅलरीत जातो आणि दोरीवरचा एकूण एक चिमटा काढून आणतो. वाऱ्याने कपडे उडतात. खालच्या मजल्यावरच्या बाई रोज जिना चढून येतात आणि माझे कपडे माझ्या हातात देतात. परवा म्हणाल्या, "तुमचा परकर आमच्या गुलाबावर उतरला." हसून हसून आमची दोघींची पुरेवाट झाली. दादा हसला नाही. त्याचं लक्षच नव्हतं.

तो जेवणाच्या टेबलाशी बसतो, तोंड खिडकीकडे. ट्रेमध्ये चिमटे एकाखाली एक लावतो. मग त्यातला एक बोटभर वर सरकवतो, दुसरा आडवा करतो, ओठ हलवत राहतो. जेवायला हाक मारली की तळहात उभा करतो. थांब. तो तळहात तुला मी सांगायला नको. तुझं सगळं लहानपण त्या तळहाताच्या अलीकडे गेलं.

आधी वाटलं, म्हातारपणाचा चाळा आहे. मग लक्षात आलं की या माणसाने जन्मभर विमानतळाच्या नियंत्रण कक्षात हेच केलं. समोर पडदा, पडद्यावर ठिपके, आणि हाताशी प्रत्येक विमानाची एकेक पट्टी. विमान खाली आलं की पट्टी खाली, उतरलं की पट्टी बाजूला. चिमटे म्हणजे त्या पट्ट्या. तुझा बाप आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज आकाश मांडतो.

काल मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "चल दादा, पुरे झालं. झोप आता."

तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माझ्या जागी कोण आलंय?"

"कुणी नाही. तू निवृत्त झालास, दादा."

भर सभेत कुणी मूर्ख प्रश्न विचारला की मी त्याच्याकडे जशी पाहते, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि पुन्हा चिमट्यांकडे वळला. सकाळी मी उठले तेव्हा तो तिथेच होता. ताठ बसलेला. डोळे लाल, हात ट्रेवर.

एवढंच कळवायचं होतं. बाकी सगळं ठीक.

आत्या


२ मार्च

ठकू,

पाकीट परत आलं नाही. याचा अर्थ तू वाचलंस, किंवा फेकलंस. वाचलंस असं धरून लिहिते.

मागच्या पत्रात मी थापा मारल्या. बाप बरा नाही. नळ सोडतो आणि विसरतो. बागेतून परतताना शेजारच्या इमारतीत शिरतो आणि तिथल्या लोकांना विचारतो, तुम्ही आमच्या घरात काय करताय. आठवड्यातून एकदोनदा मी त्याची बहीण नसते, तुझी आई असते. तेव्हा तो खाली मान घालून म्हणतो, "उशीर झाला, रागावू नकोस." मी वहिनीच्या वतीने "नाही रागावले" म्हणते. दुसरं काय म्हणणार?

त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तुझ्याच वयाची मुलगी आहे, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने पडद्यावर दादाचं डोकं आतून दाखवलं. ठकू, मी जन्मभर पुस्तकांवर पोसलेली बाई. क्रांत्या वाचल्या, तत्त्वज्ञान वाचलं, ताऱ्यांचे जन्ममृत्यू वाचले. पण त्या राखाडी चित्राएवढं थक्क मला कशानेच केलं नाही. आमच्या आईची अंगाई, पहिली सायकल, तुझ्या जन्माची सकाळ, हजारो विमानं आणि त्यांतली लाखो माणसं, सगळं त्या दोन मुठींएवढ्या ऐवजात! त्याच्या आत, कानाच्या पातळीला, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक लहानसा तुकडा असतो. दिवसभरात जे घडतं ते टिकायचं तर आधी इथून जावं लागतं. दादाच्या डोक्यात त्या जागी काळी फट होती.

मी विचारलं, "हे कशाने?"

"वय आहे. रक्तदाब बरीच वर्षं चढलेला होता. घराण्यातलंही काही असू शकतं." मग तिने विचारलं, "यांचं काम काय होतं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "वाघ समोर आला की शरीर घंटा वाजवतं. रक्तात रसायन उसळतं, छाती धडधडते. वाघ गेला की ते ओसरायला हवं. यांचा वाघ रोज पाळीवर यायचा. ती घंटा वर्षानुवर्षं वाजत राहिली तर हा भाग झिजतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय."

बस्स! मी उभीच राहिले. म्हटलं, हे मला लिहून द्या. माणसं कमी ठेवली, दोघांचं काम एकावर टाकलं, विश्रांतीची खोली कुलूप लावून ठेवली. मी त्या कार्यालयाला चव्हाट्यावर आणते. घामाची मजुरी आम्ही लढून घेतली. पण लक्ष ठेवण्याचे श्रम कुणी मोजले? हात जागचा न हलवता माणूस आतून जळत राहतो, त्या जळण्याची हजेरी कुठे लागते? बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले.

डॉक्टर म्हणाली, "मॅडम, नाही लिहून देणार. त्यानेच हा आजार झाला असं मी कुठल्याही एका माणसाबद्दल म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. जे खरं आहे तेवढंच मी लिहीन."

माझा मुद्दा असा सपशेल पाडणारी माणसं कमी भेटली. मी खाली बसले.

तिने विचारलं, "झोपतात का?" मी चिमट्यांचं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "गेलेलं मी परत आणू शकत नाही. उरलंय ते थोडं जास्त टिकवता येईल. चालणं, माणसांत असणं, रक्तदाब ताब्यात, आणि सगळ्यात आधी झोप. झोपेत मेंदू स्वतःची झाडलोट करतो, असं आता दिसू लागलंय. हे असेच जागे राहिले तर फार दिवस हे तुम्हाला ओळखणार नाहीत." गोळ्या दिल्या. दादा त्या घेऊन दोनदा पडला, म्हणून त्या बंद केल्या.

मी विचारलं होतं, सकाळचा चहा आठवत नाही, मग आकाश कसं आठवतं? ती म्हणाली, जे हजारदा हातातून गेलं ते वेगळ्या वाटेने मुरतं. फट पडली तरी ती वाट शाबूत राहते. किती दिवस, ते माहीत नाही.

वाघानेच ते आकाश त्याच्या डोक्यात कोरलं, आणि डॉक्टर लिहून देवो न देवो, माझी खात्री आहे की वाघानेच ते कुरतडलंही. यावर संतापावं की हात जोडावेत, मला कळेना. आजवर मला असं कधी झालं नव्हतं.

आत्या


१९ मार्च

ठकू,

काल लंबू आला होता. तुला आठवेल, बाबांचा कक्षातला जोडीदार, आपल्या दाराच्या चौकटीवर दर वेळी कपाळ आपटणारा. कालही आपटलं. म्हणाला, "तीच चौकट, तेच कपाळ. बरं वाटलं."

दादाने त्याला ओळखलं नाही. चिमट्यांना मात्र लंबूने ओळखलं. दारातच थबकला आणि मला हळूच विचारलं, "हा रोज जागाच असतो का?"

"रोज. उठतच नाही."

"कसा उठेल? त्याची पाळी कुणी घेतलीच नाही."

मग त्याने मला शिकवलं. नियंत्रकाची पाळी घड्याळाने संपत नाही. बदली माणूस येतो, डावीकडे खुर्ची ओढून बसतो. त्याने बसलेल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, फक्त पडद्याकडे आणि पट्ट्यांकडे. बसलेला एकेक विमान सांगतो. ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. सगळं चित्र आपल्या डोक्यात उतरलं, तुकडासुद्धा राहिला नाही, अशी खात्री झाली की म्हणायचं, "घेतलं." तोवर बसलेला उठत नाही. आग लागली तरी नाही.

"आणि हो हो म्हणून उडवून लावलं तर?" मी विचारलं.

"लगेच ओळखतो आम्ही. आवाजावरून."

अगं, मी आदल्या आठवड्यात तेच केलं होतं. "हो रे बाबा, मी आलेय, जा!" तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

तर संध्याकाळी मी खुर्ची ओढली. दादा बोलू लागला. ठकू, तो आवाज! दिवसभर ज्याला चमच्याला काय म्हणतात ते सुचत नाही, तो माणूस अडखळल्याशिवाय बोलत होता. "उत्तरेकडून मालवाहू, खाली येतंय, वारा सांगितलाय. त्याच्या मागे छोटं, त्याला घिरटीवर ठेवलंय, इंधन पुरेसं आहे. पश्चिमेला ढग उभे आहेत, तिकडे कुणाला सोडू नकोस." मी परत म्हणायला गेले आणि माझी गाडी रुळावरून घसरली. "मालवाहू उत्तरेकडून येतंय, आणि माझ्या मते..." त्याचा तळहात उभा राहिला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

आयुष्यभर लोकांनी माझी वाक्यं परत म्हटली. हजारोंनी, मुठी वळून. दुसऱ्याचं वाक्य पदरचा एक शब्द न घालता मी कधी म्हटलं असेन, तर शाळेत. लंबू कोपऱ्यात तोंड दाबून हसत होता. "बाई, भाषण नको. आरसा व्हा." चौथ्या खेपेला जमलं. जमलं तेव्हा काय झालं ते सांगते. माझ्या डोक्यात खरोखर आकाश उभं राहिलं. दिवे, अंतरं, उंची, ढग, आणि त्यांच्यात लटकलेली झोपलेली माणसं. काही क्षणांत माझ्या काखेत घाम आला. एवढं ओझं घेऊन हा माणूस घरी यायचा, आणि आपण म्हणायचो, बोलत का नाही?

मी म्हटलं, "घेतलं."

दादाने मान हलवली. एकेक चिमटा माझ्याकडे सरकवला. एक सोडून. तो त्याने दोन बोटांखाली दाबून धरला.

"हे राहू दे माझ्याकडे," म्हणाला.

"का?"

"पोचल्याचं आलेलं नाही."

आणि तो बसून राहिला.

लंबूचं हसू केव्हाच गेलं होतं. स्वयंपाकघरात त्याने मला सांगितलं. दादा रोज मांडतो ते कुठल्याही दिवसाचं आकाश नाही. तू गेलीस त्या संध्याकाळचं आहे. पश्चिमेचे ढग, घिरटीवरचं छोटं विमान, सगळं. ती पाळी लंबूची होती. दादा सुट्टीवर होता, तरी आला आणि म्हणाला, "आज मला बसू दे." तुझ्या विमानाला धावपट्टी मोकळी असल्याचं त्याने सांगितलं. ते आपल्या हद्दीतून पुढच्या केंद्राकडे नियमाप्रमाणे सोपवलं. पडद्यावरचा ठिपका गेला. "ठिपका गेला तरी याची मान तिकडेच होती," लंबू म्हणाला. "मी खांद्याला हात लावला, तेव्हा उठला."

विमानतळावर तुला पोचवायला तो आला नाही, हे तू मला किती वर्षांपूर्वी लिहिलं होतंस. आला होता, ठकू. काचेच्या मागे, वर.

आत्या


२८ मार्च

ठकू,

तुझं उत्तर नाही. मी मागत नाही. पण आज जे झालं ते सांगते.

तो शेवटचा चिमटा माझ्या डोक्यातून जाईना. रोज मी पाळी घेते, रोज तो सगळं देतो, आणि त्या एकापायी जागा राहतो. आज मी ठरवलं, आपण म्हणून टाकायचं.

"दादा, ते विमान उतरलं. केव्हाच उतरलं."

त्याने चिमट्यांवरून नजर उचलून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू पाहिलंस?"

खालच्या बाई नेमक्या माझा टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मागून खुणा करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा! खोटं बोलायला काय लागतं? एक शब्द. पण धावपट्टी मोकळी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जो माणूस कधी बोलला नाही, त्याच्या तोंडावर मी काय सांगणार? मी नव्हतं पाहिलं. तू उतरलीस तो विमानतळ, तो जिना, तुझं तिथलं पहिलं पाऊल, मी काही पाहिलं नाही. मला ते पुढे कुणाकडून तरी कळलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग?" तो म्हणाला, आणि बोटं चिमट्यावर घट्ट केली.

बाई जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही पण ना! म्हातारा माणूस, काय बिघडलं असतं?" त्यांचंही खरं असेल.

आता तुझ्या आईचं. तू त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात त्याला म्हणालीस, "तुम्हाला विमानं जवळची." मी तिथेच होते. वहिनी गेली तेव्हा तो खुर्चीवर होता. निरोप मिळूनही तो उठला नाही, हे खरं आहे. बदली माणूस वादळात अडकला होता आणि वर सगळं आकाश भरलेलं होतं, हेही खरं आहे. तो उठला असता तर काय झालं असतं याचा हिशेब मी मांडणार नाही. तुझ्या दुःखाशी वाद घालायला मी काही सभेत उभी नाही. तू त्याला माफ कर असंही मी म्हणत नाही. तो हक्क तुझा, तुझ्यापाशी राहू दे.

पण घरातलं माणूस दूर गेलं की मागचे एका शब्दाची वाट पाहतात. पोचले. एवढाच. लोक दार उघडायच्या आधी, पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी कळवतात. तू रागावली होतीस, तू कळवलं नाहीस. चुकलं की बरोबर होतं, ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगते की तो शब्द इथे आला नाही, आणि म्हणून तुझा बाप अजून तुला हवेत धरून बसला आहे. त्याच्या डोक्यातून चहा गेला, रस्ता गेला, मी गेले, बहुतेक तो स्वतःही चाललाय. त्या पडझडीत एक गोष्ट त्याने खाली पडू दिली नाही.

हे मी बघितलं आणि माझ्यातली बोलकी बाई थिजली. मला भाषण सुचत नाही. मी नुसती पाहते आहे.

पत्रात लिहून चालणार नाही. मी वाचून दाखवलं तर तो विचारेल, "तू पाहिलंस?" फोनवरही तो आता कुणाला ओळखत नाही, रिसीव्हर उशीखाली ठेवतो. ज्याने पाहिलं त्यानेच येऊन सांगायला हवं. आणि असं माणूस जगात एकच आहे.

आत्या


११ एप्रिल

ठकू,

तुझी ओळ मिळाली. "शनिवारी येते. राहणार नाही." राहू नकोस. ये.

तो तुला ओळखेल असं मी म्हणणार नाही. मला परवापासून ओळखलेलं नाही. बदली आलेली समजेल. समजू दे. डावीकडे बस. त्याच्या तोंडाकडे पाहू नकोस, चिमट्यांकडे पहा. तो म्हणेल ते तसंच म्हण. आणि खरोखर आलं डोक्यात, तरच "घेतलं" म्हण.

दाराची कडी वर लावलेली असेल, तो बाहेर पडतो म्हणून. घंटा वाजवू नकोस, दचकतो. टकटक कर.

आत्या


२३ एप्रिल

ठकू,

तू पोचल्याचं कळवलंस. विमानातून उतरायच्या आतच कळवलंस की काय? फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होते. तू एकच शब्द बोललीस आणि मला काही बोलता आलं नाही. हे जगात पहिल्यांदा घडलं, लिहून ठेव.

त्या संध्याकाळी तू नियम पाळलास. खाली बघत राहिलीस, ट्रेकडे. म्हणून तू जे पाहिलं नाहीस ते मला तुला दिलंच पाहिजे. मी गॅलरीच्या दारात होते, माझ्यासमोर त्याचा चेहरा होता.

तू टकटक केलीस, आत आलीस, खुर्ची ओढलीस. त्याने विचारलं, "नवीन दिसतेस?" तू म्हणालीस, "हो." तो म्हणाला, "भिऊ नकोस. इथे सगळेच भितात, दाखवत कुणी नाही." तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या कडेला हसू आलं होतं. तू ते पाहिलं नाहीस. साऱ्या लहानपणात त्याने तुला हे सांगितलं असतं तर! त्या दिवशी त्याने ते एका अनोळखी मुलीला सांगितलं.

मग तो एकेक सांगत गेला आणि तू एकेक परत म्हणत गेलीस. एकदाही अडखळली नाहीस. मला चार खेपा लागल्या होत्या. कुठे शिकलीस? त्या तळहाताच्या अलीकडे बसून, गृहपाठ करता करता, तू सगळं ऐकत होतीस का?

"घेतलं," तू म्हणालीस. त्याने चिमटे सरकवले. एक ठेवला. ते सगळं मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं. तो बराच वेळ त्या चिमट्याकडे पाहत राहिला, आणि मग तुझ्याकडे. तुझ्या भांगाकडे, तुझ्या कानाकडे, खाली घातलेल्या मानेकडे. ओळख पटली असं मी म्हणणार नाही. जे खरं तेवढंच लिहीन. त्याने एक बदली पाहिली, जिच्यावर भिस्त ठेवता येईल अशी. आणि त्याची बोटं सैल झाली.

"ही शेवटची," तो म्हणाला. "माझ्या हद्दीतून गेली, पण पोचल्याचं आलेलं नाही. आत माझी मुलगी आहे. रागावलेली आहे. तिला घाई करू नकोस."

तुझा आवाज इथे फाटला, तरी तू शब्द बदलला नाहीस. "ही शेवटची. तुमच्या हद्दीतून गेली, पण पोचल्याचं आलेलं नाही. आत तुमची मुलगी आहे. रागावलेली आहे. घाई करणार नाही."

त्याने मान डोलावली. तू चिमटा घेतलास, तळहातावर ठेवलास. आणि नियमात नसलेलं बोललीस.

"ती पोचली."

त्याचा तो प्रश्न आला, मला वाटलंच होतं येणार. "तू पाहिलंस?"

"हो," तू म्हणालीस. "मी स्वतः पाहिलं. पाऊस होता. ती जिना उतरली. फोनपाशी गेली होती. उचलून परत ठेवला."

ठकू, त्या क्षणी तू खाली पाहत होतीस, आणि मी हे तुझ्यासाठी पाहिलं. त्याचा चेहरा आनंदाने उजळला वगैरे काही झालं नाही. आधी कपाळ सुटलं. दोन भुवयांमधली उभी रेघ मी त्याची जन्मखूण समजत होते. ती गेली. मग गाल उतरले, मग खांदे. मला तो शाळेत जाणारा दादा दिसला, मी ज्याचं बोट धरत असे. एवढ्या वर्षांची घंटा एका म्हाताऱ्याच्या अंगात थांबली, आणि ती थांबतानाची शांतता मी कानांनी ऐकली. मोठमोठ्या सभा उठून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. एवढं मोठं काही पाहिलं नाही.

त्याने दोन्ही हातांनी, डोक्यावर नसलेले हेडफोन काढले. माइकची दांडी आधी मागे, मग वर. टेबलावर हलकेच ठेवले. "नीट बस," तुला म्हणाला, आणि आत जाऊन झोपला. तू ट्रेवर डोकं टेकलंस, तेव्हा मी आत आले. पुढचं आपल्या दोघींचं.

आता इथलं. चमत्कार झालेला नाही. डॉक्टर म्हणाली, झोपू लागलेत, उत्तम, पण फट भरत नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. तो चिमटे अजून मांडतो. फक्त सगळे देतो. शेवटचा तू घेऊन गेलीस, त्याला त्याची उणीव भासत नाही. मला भासते, एक टॉवेल कमी वाळतो.

काल पाळी दिल्यावर तो लगेच आत गेला नाही. गॅलरीत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. आकाश अजून पुरतं विझलं नव्हतं. लांबून एक दिवा येत होता, वर चढत, पूर्वेकडे. मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. उंची नाही, वारा नाही, अंतर नाही.

"किती छान जातंय," तुझा बाप म्हणाला.

आणि दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं ते नुसतं पाहत राहिलो.

आत्या